रिकाम्या गाडीची उंची

७ फेब्रुवारी

मागच्या बाकावर बसून मोठ्या झालेल्या माझ्या दोघा भावांनो,

दादास सा. न. वि. वि. पान्यास आशीर्वाद, पण आज हात जरा आखडता घेऊन.

आपल्या तिघांची तक्रार एकच आहे, म्हणून ती आधी मांडते. नाना गेल्यापासून या घरात कुणी कुणाला विचारत नाही. दादानं आईसाठी रुग्णवाहिका ठरवली, मला विचारलं नाही. मी माझ्याकडे आईची खोली रंगवून घेतली, आईलासुद्धा विचारलं नाही. आणि आता पान्यानं नानांची गाडी उघडली! ही बातमी मला शेजारच्या काकूंकडून कळावी? मागची चाकं काढलीत, गाडी ठोकळ्यांवर उभी आहे, आणि पान्या तिचा मागचा भाग खाली बसवतोय, असं त्यांनी सांगितलं.

खाली बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. शेपूट रस्त्याला घासत, गाणी कोकलत जातात आणि गतिरोधक आला की त्यांचा चालक देवाचा धावा करतो. तशी करायची नानांची गाडी? ज्या गाडीत वजनकाट्यांची हत्यारं टाकून नाना बाजारोबाजार काटे दुरुस्त करत हिंडले, ज्या गाडीतल्या दोन बर्नरच्या शेगडीवर आपल्या सुट्ट्या शिजल्या, त्या गाडीला फॅशन शिकवायची? आणि कधी? तर आईचा खुब्याचा सांधा झिजून संपलाय, चार पावलं टाकायला तिला भिंत लागते, आणि माझ्या शहरातल्या शस्त्रक्रियेची तारीख तोंडावर आली आहे तेव्हा. ही तारीख चुकली तर पुढची पावसाळ्यानंतर. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय की तोवर पाय वाट बघणार नाही.

पान्या, तू कारण दे. दादा, तू बाजू घे, कुणाचीही घे, पण एकदा तोंड उघड.

फोनवर ख्यालीखुशाली, भांडण मात्र कागदावर, हा नानांचा नियम मी पाळते आहे. तिकीट चिकटवेपर्यंत निम्मा राग उतरतो म्हणायचे. तिकीट चिकटवलं. राग जागच्या जागी आहे.

लोभ आहे, पण सध्या कपाटात ठेवला आहे.

तुमची,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी तिनं टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाली की आता आभारप्रदर्शन कर. तेच करतो.

फॅशन कसली, ताई? माझं शीतकपाटं दुरुस्त करण्याचं दुकान. फॅशन करायला माझ्याकडे गिऱ्हाईकं तरी धड हवीत. गोष्ट अशी आहे की आई रुग्णवाहिकेत चढायला तयार नाही. तिचं म्हणणं एकच: नानांना या घरातून आडवं करून नेलं आणि ते परत आले नाहीत, मी जाईन ती बसून जाईन. स्ट्रेचर दारात आलं तर दाराला आतून कडी लावीन, असं तिनं डॉक्टरांच्या माणसालाही ऐकवलं. साध्या मोटारीत तिला बसता येत नाही, गुडघा दुमडला की ती ओरडते. आपल्या गाडीच्या मागच्या बाकावर पाय लांब सोडता येतो. म्हणून गाडी.

आता अडचण दाराची. बाजूच्या दाराची चौकट तिच्या गुडघ्याच्या वर येते. तू म्हणशील स्टूल ठेव. ठेवलं होतं. स्टुलावर चढायचं तर क्षणभर सगळा भार दुखऱ्या पायावर येतो. एकदा तिचा तोल गेला, मी होतो म्हणून निभावलं. तेव्हापासून स्टूल दिसलं तरी ती तोंड फिरवते. मोजून पाहिलं तर मागचा भाग सहा बोटं उतरला की दार चार बोटं उतरतं. सगळा खेळ त्या चार बोटांचा आहे.

काम कसं आहे तेही सांगतो, म्हणजे काकूंच्या बातमीपत्रावर विसंबायला नको. या गाडीला मागे स्प्रिंग नाही. मागच्या फरशीखाली आडवी नळी आहे, तिच्यात दोन बाजूंना दोन पोलादी दांड्या. चाक वर उचललं गेलं की दांडी पीळ खाते, आणि तो पीळ गाडीला तोलून धरतो. दांडीच्या टोकांना दाते आहेत. दांडी बाहेर काढून एखादा दाता फिरवून बसवली की गाडी वर किंवा खाली. डावी दांडी उजवीकडे चालत नाही, आणि काढण्याआधी खूण केली नाही तर मग बसा बोंबलत.

मी खूण करायला गेलो तर तिथं आधीच दोन खुणा! एक पांढऱ्या रंगाची, कारखान्याच्या उंचीची. दुसरी लाल, नानांच्या ब्रशची. आईला विचारलं. ती म्हणाली की आपण तिघं वाढलो तशी गाडी मागून टेकायला लागली, तेव्हा नानांनी तिला उचलून घेतलं. तुझी पुस्तकांची पेटी आणि दादाची भूक, अशी दोन कारणं तिनं दिली. उचलताना त्यांनी आपल्याला तासभर गाडीत बसवून ठेवलं होतं, ते तुला आठवत असेल. मला फक्त तू चिमटे काढत होतीस एवढंच आठवतं. रिकाम्या गाडीची उंची खरी नसते, असं ते म्हणायचे. काट्यावर माप ठेवल्याशिवाय काटा खरा की खोटा कळत नाही, तसं.

म्हणजे ताई, गाडी इतकी उंच उभी आहे ती आपल्यासाठी. आपण तिघं चढू या हिशेबानं. आणि आपण तर चढत नाही.

ता. क. या पत्राची नक्कल दादालाही पाठवतोय. आता तुम्हा दोघांची वजनं कळवा. खरी कळवा. नानांच्या पोरांनी वजनात तरी खोटं बोलू नये.

कपाटातून लोभ बाहेर काढावा, त्याला वास लागेल.

तुझा,
पान्या

१५ फेब्रुवारी

चि. ताई आणि चि. पान्या यांस,

अ. उ. आ.

दोघांची पत्रं मिळाली.

इमारतींच्या लिफ्ट तपासणं हा माझा धंदा आहे. ज्याची तपासणी झाली नाही त्यात माणूस चढवायचा नाही, एवढंच मी इतक्या वर्षांत शिकलो. पान्याचा हात चांगला आहे, हे मी नाकारत नाही. पण शीतकपाट बिघडलं तर दूध नासतं. गाडीची दांडी सुटली तर काय होतं ते मी लिहीत नाही. आई हे पत्र वाचेल.

मागचा भाग खाली गेला की चाकं वरून आत कलतात. टायर चाकावरच्या कमानीला घासू शकतो. पुढचे दिवे आभाळाकडे बघू लागतात. यातलं काय काय तपासलं, कुणी तपासलं, हे पत्रात कुठं नाही. भावना मात्र भरपूर आहे.

रुग्णवाहिका २ मार्चला सकाळी येईल. आईची समजूत घालणं हे तुम्हा दोघांचं काम. ताई हजार माणसांच्या सभेचं मन वळवते, तिला एक आई जड जाऊ नये.

वजन कळवण्याचं कारण दिसत नाही, कारण मी त्या गाडीत बसणार नाही.

सगळ्यांच्या काळजीत,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. डाव्या हातानं लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

दादाचं पत्र आलं त्या दिवशी मी इरेला पेटलो. दांडीच्या टोकाला एक जाड पट्टी असते, ती कायम ताणलेली, खालच्या लोखंडी कडेवर टेकलेली. ती सोडवायच्या आधी खाली जॅक लावून तिला धरायचं असतं. मी पहारीनंच ढकलली. पट्टी सुटली ती थेट मनगटावर. हाड शाबूत आहे, पण हात असा सुजलाय की आई म्हणते, आता तुझंही वजन वाढलं, तेही लिहून कळव.

तरी काम केलं. लाल खूण सोडली, पांढरी सोडली, तिच्याही खाली आणखी एक दाता उतरवली. काल गाडी जमिनीवर आली. दार चार बोटं खाली! आईनं कठडा धरला, चांगला पाय आत टाकला, मग दुखरा ओढून घेतला. कुठं हात लावावा लागला नाही. मधल्या जागेवर बसली, माझ्या जागेवर. पाय लांब सोडला. ताई, कित्येक महिन्यांत तिचा तो चेहरा मी पाहिला नव्हता. शेगडीच्या फळीवर बोट फिरवून धूळ दाखवली, म्हणजे बरी होती.

मग मी माती खाल्ली. म्हटलं, प्रवासासारखं करून बघू. काकांना एका बाजूला बसवलं, काकूंना दुसऱ्या. काकू बसल्या आणि मागून असा कर्र आवाज आला की काका उठून उभे राहिले आणि डोकं आपटलं. टायर कमानीला टेकला होता. रबरी ठोकळा पार दबला होता. मी गाडी एकट्या आईच्या वजनाला बसवली होती. नानांचं वाक्य तुला लिहून कळवलं आणि स्वतः विसरलो.

काका-काकू उतरून गेल्यावर आईनं विचारलं की मग बाकीचे कुठं बसणार. मी म्हणालो की बाकीचे येतील मागून रेल्वेनं. मला उतरव, एवढंच म्हणाली.

आता काय करू ते सांग. गाडी खाली ठेवली तर आई चढते, पण एकटीच. वर घेतली तर सगळे बसतील, पण आई चढत नाही. यावर एखादं भाषण असेल तर पाठव.

तुझा,
पान्या

२० फेब्रुवारी

चि. थोरल्यास,

अनेक आशीर्वाद, आणि एक उसना राग.

तुझं पत्र मी वाचलं. मी वाचीन म्हणून तू जे लिहिलं नाहीस, तेही वाचलं. तू मला जन्मापासून हाताळत नाहीस, मी तुला हाताळलंय.

धाकट्याचा हात सुजलाय, त्याला रागावू नकोस. मी रागावले आहे, पुरे तेवढं. मला तू हट्टी म्हणतोस, असं ताईनं सांगितलं. म्हण. तुझे नाना त्या गाडीतून या दारात किती वेळा आले त्याला गणती नाही. पांढऱ्या गाडीतून गेले ते एकदाच. मला मरणाची भीती नाही रे. माझ्या मागं दार बंद होताना मला घर दिसणार नाही, छत दिसेल, याची भीती आहे. बसून गेलं की मागं वळून बघता येतं.

तू येत नाहीस याचं कारण दांडी नाही, हे मला कळतं. तुला वाटतं, आईला घेऊन तू निघालास आणि काही झालं तर ते तुझ्या हातून झालं असं होईल. रुग्णवाहिकेत झालं तर ते दुसऱ्याच्या. थोरल्या, तुझ्या लिफ्टमध्ये चढणारी माणसं तुला ओळखतही नाहीत. मी ओळखते. एवढाच फरक.

जेवतोस का वेळेवर? वजन कळवू नकोस, मी अंदाज सांगितलाय धाकट्याला. त्यानं तोंडात बोट घातलं.

वाट बघायची मला सवय आहे, पण सवय आवडतेच असं नाही.

तुझी,
आई

२३ फेब्रुवारी

चि. पान्यास,

अ. उ. आ.

आईला उत्तर लिहायला बसलो होतो. जमलं नाही. तुला लिहितो. झालेलं सगळं ताईनं फोनवर सांगितलं; हे पत्र रात्रीच्या बसनं पाठवतो, उद्या सकाळी मिळेल.

पट्टीच्या बोल्टचे वायसर नवे घातलेस का जुनेच? ब्रेकची नळी ताणली जात नाही ना? दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का? दाता उतरवताना आतल्या टोकाचा फिरवलास की बाहेरच्या? दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या वेगळी असते. एक इकडे आणि एक तिकडे फिरवला तर थोडाच फरक पडतो. एकदम एवढं खाली जायची गरज नव्हती.

हे फक्त माहितीसाठी. माझं मत बदललेलं नाही. रुग्णवाहिका रद्द करू नये. मनगटाला शेक नको, थंड पट्टी ठेव.

दादा

२५ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

रजा घेऊन परवा घरी आले. हे पत्र काकांच्या पुतण्याच्या हाती देते आहे, तो तुझ्याच शहरात चाललाय. टपालाला आता वेळ नाही.

तुझं पत्र पान्यानं भिंतीला लावलंय, बोल्टच्या डब्यावर. जो माणूस गाडीत बसणार नाही, तो वायसर जुने की नवे विचारत नाही. हे मी सभेत नाही, तुझी बहीण म्हणून बोलते आहे.

आधी कामाचं. काल दिवसभर पान्या आणि मी गाडीखाली होतो. त्याचा एक हात, माझे दोन. मी हत्यारं दिली आणि शिव्या खाल्ल्या. जॅक लावून पट्टी धरली, या खेपेला न विसरता. दोन्ही दांड्या बरोबर पांढऱ्या खुणेवर आणल्या. पांढऱ्याच्या खाली नाही, वर नाही. वायसर नवे. ब्रेकची नळी सैल आहे, मी बोट घालून पाहिलं. चाकं सरळ आहेत, दिवे रस्त्याकडे बघतात. कारखान्यानं जन्म दिला त्या उंचीवर गाडी उभी आहे. तिच्यावर तुझा आक्षेप असलाच, तर तो आता पान्यावर राहत नाही.

पण पांढऱ्या खुणेवर दार दोनच बोटं उतरलं. आई आली, तिनं पाहिलं, आणि परत फिरली.

मग मी एक केलं, दादा. गाडीत चढले आणि माझ्या जागेवर, दाराजवळ जाऊन बसले. नुसती, दमले म्हणून. पान्या ओरडला की हलू नकोस. दार एक बोट खाली गेलं होतं. मग त्यानं पडवीतून नानांची काटे तपासायची लोखंडी मापं आणली, वीस वीस किलोची, आणि खिडकीकडच्या तुझ्या जागेवर रचली. आईच्या अंदाजाइतकी; किती ते मी लिहीत नाही, तुझी अब्रू झाकते. दार आणखी एक बोट उतरलं. चार बोटं पुरी झाली. आपण आधी चढून बसलो की तिच्यासाठी दार खाली येतं. नानांनी गाडी उचलली तीही आपल्या वजनासाठी, आणि ती खाली उतरते तीही आपल्याच वजनानं. इतकी वर्षं मी समतेवर बोलते, पण तराजू असा डोळ्यांदेखत झुकलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आई चढली. मधे बसली. पान्यानं एका हातानं गाडी गल्लीतून काढली, हळू. मी म्हटलं, जिंकलो. कोपऱ्यावर एक सायकल आडवी आली आणि त्यानं ब्रेक दाबला. तुझ्या जागेवरची मापं घसरली. एक आईच्या दुखऱ्या पायाला लागून खाली पडलं. जखम नाही, खरचटलंय फक्त. पण ती किंचाळली, दादा.

घरी आणलं. उतरताना ती एवढंच बोलली की माप काट्यावर चांगलं, बाकावर नाही; थोरला तिथं बसायचा तेव्हा ब्रेक लागला की त्याचा हात आडवा यायचा, मधल्याच्या छातीवर. पान्या मुंडी हलवत राहिला. मधला तोच होता ना. तो म्हणतो की तुझा हात लोखंडासारखा लागायचा, आणि त्याच्या जोरावर तो सुट्टीभर झोपायचा.

आज ती भांडत नाही. रुग्णवाहिकेला नको म्हणत नाही, हो म्हणत नाही, शस्त्रक्रियेचं नाव काढलं तर भिंतीकडे वळते. दादा, हट्टी आईला मी घाबरत नाही. ही जी ऐकायला लागली आहे, तिला मी घाबरले आहे. सोमवारी स्ट्रेचर आलं तर कदाचित ती निमूट आडवी होईल. आपण त्याला समजूतदारपणा म्हणू. आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती जाईल ती आधीच हरून जाईल. ते मला मान्य नाही. तुलाही नसावं.

तू म्हणतोस तपासणीशिवाय माणूस चढवायचा नाही. मान्य, शंभर वेळा मान्य. मग तपासायला ये. बॅटरी आण, तुझे ते जाड चष्मे आण, गाडीखाली झोप, एकेक बोल्ट ठोकून बघ. तू नाही म्हणालास तर आईला मी सांगीन, आणि तिच्या शेजारी रुग्णवाहिकेत मी बसेन. तो शब्द माझा. पण हो म्हणालास, तर तुझी जागा माप घेऊ शकत नाही. मापाला वजन आहे, हात नाही.

गाडी दारासमोर उभी आहे. मी चढले की माझ्या बाजूला झुकते. तुझ्याकडची बाजू वर राहते, आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही ते दिसतं.

रविवारी सकाळी ये, दादा. आईच्या आधी चढ, आणि खिडकीजवळ तुझ्या जागेवर बस.

तुझी,
ताई